डेमोचं मशीन

एका खऱ्या माणसाचं हृदय बंद पडलेलं असताना मी त्याला खोटं मशीन लावलं. बटणही दाबलं. वर 'शॉक दिला' असं माइकवरून जाहीर केलं.

हे सुरुवातीलाच लिहून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणाच्या मनात आदर वगैरे निर्माण व्हायची भीती राहत नाही. संपादकांनी 'तुमच्या समाजकार्याविषयी लिहा' असं सांगितलं होतं. ते समाजकार्य असं: सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी विभागात काढून मी निवृत्त झालो, आणि तेव्हापासून नाशिकच्या आसपासच्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांना सीपीआर शिकवत फिरतो. बायको म्हणते, घरात कुणी ऐकत नाही म्हणून शाळा शोधल्या. ते खोटं नाही.

सीपीआर काय असतं, ते मुलांना सांगतो तसंच सांगतो. माणूस अचानक कोसळला, हाक मारून, खांदे हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा मधूनच घोरल्यासारखा आचका देतोय, तर त्याचं हृदय थांबलंय असं समजायचं. एकाने १०८ला फोन लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच रोवायची, कोपर ताठ ठेवायचे आणि दाबायला लागायचं. दोन इंच खोल, सेकंदाला जवळजवळ दोनदा. आतला पंप बंद आहे म्हणून आपण बाहेरून पंप मारायचा, मेंदूला रक्त मिळत राहावं म्हणून. तिसऱ्याने एईडी आणायचं. हे साधारण मोठ्या जेवणाच्या डब्याएवढं मशीन असतं. त्याच्या दोन चिकट पट्ट्या उघड्या छातीवर लावल्या की ते स्वतः हृदय तपासतं, गरज असेल तरच शॉक द्यायला सांगतं, आणि प्रत्येक पायरी बोलून दाखवतं. आपली अक्कल वापरावी लागत नाही. म्हणूनच ते मला पहिल्यापासून आवडतं.

आता तुम्ही म्हणाल, सेफ्टीतला माणूस, याने कारखान्यात कितीतरी जीव वाचवले असतील. तर एकही नाही. माझं काम हेल्मेट, हातमोजे आणि घोषवाक्य स्पर्धा. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात मी बिल्ला लावून फिरायचो आणि घोषवाक्याचं पहिलं बक्षीस कायम अकाउंट्सच्या एकाच बाईला द्यायचो, कारण तिचं अक्षर चांगलं होतं.

एकदा पाळी बदलायच्या वेळी कँटीनच्या दाराशी जाधव नावाचा फिटर कोसळला. मी चार पावलांवर होतो. बिल्ला लावलेला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कांदा मागवला. नाशिक जिल्ह्यात कांद्याला काय तोटा. फोडून नाकाला लावला, तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळायला लावले आणि 'हवा येऊ द्या, मागे व्हा' म्हणून गर्दी हटवली. गर्दी हटवण्याचं काम मात्र मी फार उत्तम केलं. गाडी येऊन दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "छाती कुणी दाबली होती का?"

मी म्हणालो, "कांदा लावला होता, साहेब."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कागद भरायला घेतला. बोलला असता तर बरं झालं असतं. ते न बोलणं मी निवृत्तीनंतरही घरी घेऊन आलो.

म्हणून मग रीतसर शिकलो, परीक्षा दिली, आणि सरावाचा पुतळा मिळवला. हा पुतळा कमरेपर्यंतच असतो. छाती दाबली की आतली स्प्रिंग 'टक' वाजते, म्हणजे खोली बरोबर. त्याला घेऊन पहिल्यांदा इगतपुरीच्या शाळेला एसटीने निघालो, तर चेन तुटलेल्या पिशवीतून त्याचं डोकं बाहेर. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"पुतळा आहे. शिकवायचा."

"शेजारचं सीट अडवलंय ना त्यानं."

"कमरेपर्यंतच आहे हो."

"मग हाफ काढा," तो म्हणाला, आणि खरंच हाफ तिकीट फाडलं. ही गोष्ट मी शाळेत सांगितली आणि मुलांनी पुतळ्याचं नाव 'अर्धे काका' ठेवलं. पुढे जिथे जाईन तिथे हे नाव माझ्याआधी पोहोचलेलं असायचं. मला मुलं 'अर्ध्या काकांचे सर' म्हणतात.

एईडीही माझ्याकडे आहे, पण डेमोचं. पिवळ्या रंगाचं. दिसायला खऱ्यासारखं, बोलतंही खऱ्यासारखं, हिंदीत: 'मरीज को न छुएँ, झटका दिया जा रहा है.' पण आत वीज नाही. नुसता आवाज. माझी बायको म्हणते, घरात अशी दोन मशीनं झाली.

तर ती गोष्ट. त्र्यंबक रस्त्याला सातपूरच्या पुढे एक माध्यमिक शाळा आहे. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेला एक खरं एईडी भेट दिलं, हिरव्या रंगाचं, आणि नववीच्या वर्गाला शिकवायला मला बोलावलं. मुख्याध्यापिका शेवाळे मॅडम अतिशय शिस्तीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, मशीन ठेवायचं कुठे?"

अशा वेळी कुणाच्याही हाताला येईल अशा उघड्या जागी ठेवा, असं सांगायचं असतं. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी स्वतः तसंच शिकवतो. पण त्याच आठवड्यात कुणीतरी प्रार्थनेच्या वेळी मशीनचं झाकण उघडलं होतं आणि भर प्रार्थनेत ते इंग्रजीतून सूचना द्यायला लागलं होतं. माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. मी म्हणालो, "मॅडम, पोरं खेळतील. ऑफिसातल्या ढालींच्या काचेच्या कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि चावी एका जबाबदार माणसाकडे द्या."

जबाबदार माणूस म्हणजे शाळेचे शिपाई, भोये मामा. पेठकडचे, साठीला टेकलेले, सडसडीत. सगळ्या शाळेच्या चाव्या एकाच जुडग्यात, आणि ते जुडगं कमरेला. मी त्यांना बाजूला घेऊन खास प्रशिक्षण दिलं. "मामा, कुणी पडलं असं ऐकलं की हातातलं काम टाकायचं आणि कपाट उघडायचं."

"बरं," मामा म्हणाले. "आन् मी नसलो तर?"

"तुम्ही कुठे जाताय?" मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो.

पुढे दसरा आला. कारखान्यात खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं पुसून पूजायचो आणि त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही अशी रीत. ती सवय माझ्या हाडात. मी स्वतः शाळेत जाऊन मशीनला हळदीकुंकू वाहिलं, झेंडू घातला आणि मुठीभोवती लाल दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली. मामांनी नारळ फोडला. मग मशीन पुन्हा कपाटात, ढालींच्या मागे.

आता पल्लवी बोराडेविषयी. नववी ब. जिल्हा पातळीवर गोळा फेकणारी पोरगी, खांदे असे की बाकाच्या टोकाला बसली तर दुसरं टोक उचललं जाईल. तिने अर्ध्या काकांना पहिला दाब दिला आणि 'टक'च्या ऐवजी 'कडाक' असं वाजलं. स्प्रिंगच्या वरची पट्टी मोडली. पुतळा माझ्या पोटच्या पोरासारखा. माझा पारा चढला.

"अगं, हळू. खरा माणूस असता तर बरगड्या मोडल्या असत्या त्याच्या."

ती म्हणाली, "पण सर, तुम्हीच म्हणाले जोरात दाबा."

"जोरात म्हणजे एवढं नाही."

"मग केवढं?"

मला नेमकं सांगता आलं नाही, म्हणून मी तिला वर्गाच्या मागे उभं केलं. खरी गोष्ट अशी, की नीट दाबताना बरगड्या मोडू शकतात. हे मला शिकवलं होतं. मोडू द्या, हळू दाबू नका, असंच शिकवलं होतं. पण पुतळ्याच्या मायेपोटी मी ते विसरलो, आणि वर प्रमाणपत्रांच्या यादीतून तिचं नाव खोडलं. शेरा लिहिला: 'अतिरेकी दाब'.

प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम सकाळी, मैदानावर. सगळी शाळा सतरंज्यांवर. पाहुणे म्हणून मीच, वाटणाराही मीच. टेबलावर प्रमाणपत्रं आणि डेमोचं पिवळं मशीन, माझ्या शर्टाला माइक. मला थोडं नाट्य आवडतं. मी आदल्या दिवशी दहावीतल्या एका मुलाला पढवून ठेवलं होतं: मी 'आणीबाणी कधीही येते' हे वाक्य बोललो की तू अचानक पडायचंस, मग नववीची मुलं धावत येऊन प्रात्यक्षिक करतील. हे फक्त त्याला, मला आणि मामांना माहीत.

माझं भाषण अजून 'आरोग्य हीच संपत्ती'पाशीच होतं. मामा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन सतरंजीच्या कडेने चालले होते. जार खाली पडून फुटला. मग मामा पडले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भोये मामा दर वर्षी गावी बोहाड्यात सोंग घेतात. त्यांच्या भागात देवादिकांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून वाजंत्रीवर नाचतात, तो बोहाडा. मामांचा राक्षस प्रसिद्ध. मरून पडतो तेव्हा बायका हळहळतात, असं ते स्वतःच सांगायचे. त्यामुळे मला वाटलं, पोराला धीर होत नाही म्हणून मामांनीच ते काम अंगावर घेतलं. मी माइकवर म्हणालो, "वा मामा. बघा मुलांनो, पडावं तर असं. मात्र मामा, माझं वाक्य अजून यायचं होतं."

मैदान हसलं. टाळ्या पडल्या. शेवाळे मॅडमही हसल्या, आणि त्या क्वचित हसतात.

मी पुढे बोलत राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलेलंही नाही. मग मागच्या रांगेतून, जिथे प्रमाणपत्र नसलेले बसले होते, तिथून पल्लवी सतरंजी तुडवत धावत आली. मामांचे खांदे हलवले, तोंडाशी कान नेला.

"सर, मामा घोरतायत. तुम्ही सांगितलं होतं तसं."

"नाटक आहे ते," मी म्हणालो. माइकवरच.

"सर, नाटक नाही. हात बघा, जारच्या फुटक्या कडेवर पडलाय, रक्त येतंय, आन् ते हात काढत नाहीयेत."

आणि तिने वाट न बघता गुडघे टेकले आणि दाबायला सुरुवात केली. पहिल्याच दाबाला मला ऐकू आलं, 'कडाक'. या वेळी मी काही बोललो नाही.

मी जागचा हललो नाही. निवृत्तीनंतरच्या या सगळ्या वर्षांत मी हजारो वेळा छाती दाबली होती, पण ती सगळी रबराची. खरा माणूस पुन्हा चार पावलांवर होता. खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो कांद्याचा.

एका मुलीने १०८ लावला आणि शाळेचा पत्ता खुणेसकट सांगितला. शेवाळे मॅडम फाटकाकडे धावल्या, गाडी आत घ्यायला. नववीची पोरं पल्लवीच्या शेजारी ओळीने गुडघ्यावर बसली, थकली की बदलायला. म्हणजे मी जे जे शिकवलं ते सगळं व्यवस्थित चाललं होतं. माझ्याशिवाय.

मग मी धावलो, टेबलावरचं मशीन उचललं, मामांचा शर्ट फाडला, पट्ट्या लावल्या. जागा बरोबर लावल्या, हे नमूद करतो. मशीन म्हणालं, झटका दिया जाएगा. मी ओरडलो, "लांब व्हा." सगळी लांब झाली. मी बटण दाबलं. मशीन म्हणालं, झटका दिया गया. माझ्या शर्टाला अडकवलेल्या छोट्या माइकवरून अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं, "शॉक दिला."

मामा हलले नाहीत. शॉक बसला की अंग उडतं. केसही हलला नाही.

पल्लवी तोवर पुन्हा दाबायला लागली होती. दाबता दाबता, मोजणी न चुकवता ती म्हणाली, "अकरा, बारा, सर हे डेमोचं आहे, चौदा, पिवळं, सोळा, खरं हिरवं आत आहे."

मी मशीनकडे पाहिलं. पिवळंजर्द. वर हाताएवढ्या अक्षरात 'डेमो' लिहिलेलं.

कपाटाची चावी. चावी मामांच्या कमरेला. दाबणं थांबू न देता एका पोराने करगोट्यातून जुडगं ओढून काढलं. मी ते घेऊन ऑफिसात पळालो. एकाही चावीला खूण नाही, कारण मामांना खुणेची गरज नव्हती. पहिली लागेना. दुसरी आत गेली, फिरेना. तिसरी अडकली. काचेपलीकडे हिरवं मशीन ढालींमागे झेंडूची वाळकी माळ घालून बसलेलं, आणि मला आठवत होतं की 'जबाबदार माणूस' हे शब्द माझे. आम्ही दोघं हसलो होतो, तेही आठवत होतं.

"सर, बाजूला व्हा."

दारात पल्लवी. दाबायला दुसरीला बसवून आली होती. हातात खेळाच्या खोलीबाहेरच पडलेला लोखंडी गोळा. मी बाजूला झालो. आयुष्यात वेळेवर बाजूला झाल्याचा हा एकच प्रसंग. काच एका फटक्यात गेली, सोबत एक कबड्डीची ढाल गेली. तिने मशीन ओढून काढलं. दसऱ्याचा लाल दोरा ढालीच्या कडेला अडकला. माझी गाठ सुटेना, तिने दातांनी तोडली.

हिरवं मशीन इंग्रजीत बोलायला लागलं. माझ्या पट्ट्या काढून त्याच्या पट्ट्या लावल्या, कुंकू लागलेल्या पाकिटातल्या. पल्लवी म्हणाली, "लांब," आणि बटण दाबलं. या वेळी मामांचं अंग उडालं. सतरंजीवरच्या लहान वर्गात कुणीतरी रडायला लागलं. पुन्हा दाबणं सुरू. गाडी फाटकातून आत येत होती तेव्हा मामांनी हात हलवला, पल्लवीचा हात छातीवरून ढकलायचा प्रयत्न केला आणि काहीतरी पुटपुटले. ती शिवी होती, असं जवळच्या मुलांचं म्हणणं आहे. मी इतका चांगला शब्द आजवर ऐकलेला नाही.

मामा वाचले. दवाखान्यात हृदयाच्या रक्तनळीत जाळी बसवली. तीन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दाबणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. मी घसा साफ केला आणि 'सांगतो' म्हणालो, कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले होते आणि क्षणभर मला तो नमस्कार ठेवून घ्यावासा वाटला.

ठेवला नाही. प्रमाणपत्र घेऊन पल्लवीच्या वर्गात गेलो, शेरा खोडल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. तिने प्रमाणपत्र वहीत ठेवलं आणि विचारलं, "अर्धे काका नीट झाले का, सर?" झाले नाहीत. मी पट्टी बदलायला दिलीच नाही. आता प्रत्येक शाळेत तो मोडका आवाज ऐकवतो आणि सांगतो, असं वाजलं तरी थांबू नका.

शाळेत मशीन आता व्हरांड्यात भिंतीवर आहे, उघडं, पाचवीतल्या मुलाच्याही हाताला येईल असं. कुणी खेळत नाही. जाधवचं मात्र मला अजून आठवतं. त्याच्या वेळी तिथे नववी ब नव्हती, नुसता बिल्ला लावलेला मी होतो.

चार महिन्यांनी मामा कामावर आले. नवीन नववीचा वर्ग सुरू व्हायचा होता. मी मोठ्या उत्साहाने त्यांना माइक दिला आणि म्हणालो, "मामा, तुमच्याइतका या विषयातला जाणकार कोणी नाही. मुलांना तीन पायऱ्या तुम्हीच सांगा."

मामांनी माइक जपून धरला. बरगड्या अजून दुखत असाव्यात, दुसरा हात छातीवर होता.

"पोरांनो, कोणी पडलं तर एकानं फोन लावा," ते म्हणाले. "दुसऱ्यानं दाबाया लागा, बरगडीचं बघू नका. तिसऱ्यानं हिरवं मशीन आणा." मग ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुलांकडे वळले.

"आन् चौथ्यानं सरांना धरून ठेवा."